तीन बग्ग्या, तीन मरणं: घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं प्रकरण

घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या सोसायटीचं हे प्रकरण आहे. नाव सांगायची गरज नाही. ठाण्यात अशा सोसायट्या आता पैशाला पासरी झाल्या आहेत. मुख्य गेटपासून शेवटच्या टॉवरपर्यंतचा रस्ता सतत चढत जातो. म्हातारी माणसं, शाळेची दप्तरं, भाजीच्या पिशव्या हे सगळं वर न्यायला बिल्डरने २०१८ मध्ये ताबा देतानाच सहा आसनी तीन इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट दिल्या होत्या. सोसायटीत सगळे त्यांना बग्गी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

२०२४ च्या दिवाळीआधी तिन्ही बग्ग्या जवळपास एकदमच बसल्या. एक चढावर दम टाकायची, एक गेटपाशीच थांबायची, तिसरी हलतच नव्हती. पुरवठादाराचा माणूस आला आणि एका वाक्यात निकाल देऊन गेला: "सहा वर्षं झाली, गाड्यांचं आयुष्य संपलं." पाठोपाठ तीन नव्या गाड्यांचं कोटेशन आलं. सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या खर्चासाठी राखलेल्या पैशाला, हात लावायच्या आधी दुसरं मत घ्यावं असं कमिटीत ठरलं आणि सेक्रेटरींनी मला बोलावलं. माझी बरीचशी नोकरी रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट भरपूर सांभाळल्या, आणि बॅटरीच्या हिशेबाने बग्गी काही वेगळी नसते.

कोटेशनपेक्षा मला जुन्या बिलांच्या फाइलमध्ये जास्त रस होता. गाड्यांबरोबर आलेला बॅटरीचा पहिला सेट २०२२ च्या अखेरपर्यंत चालला होता, म्हणजे साडेचार वर्षांच्या आसपास. जानेवारी २०२३ मध्ये तिन्ही गाड्यांना नवा सेट पडला. तो दोन वर्षंही टिकला नाही. गाड्या त्याच, बॅटरीची कंपनी आणि मॉडेल तेच, चढ तोच. मग निम्म्याहून कमी आयुष्य का? गाडी सहा वर्षांची झाली हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. बॅटरीला गाडीचं वय कळत नसतं.

दोन सेटांच्या मध्ये काय बदललं

हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. वॉचमन, हाउसकीपिंगच्या बायका आणि एक निवृत्त खजिनदार यांच्याशी बोलून तुकड्यातुकड्याने कळलं.

२०२२ पर्यंत तिन्ही गाड्या एकाच माणसाच्या ताब्यात होत्या. राजापूरकडचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. मामा रोज गाड्यांची अदलाबदल करत. आज जी वरच्या टॉवरच्या फेऱ्या मारी ती उद्या क्लबहाउसच्या सपाट वाटेवर, परवा राखीव. टाळेबंदीत गाड्या उभ्या होत्या तेव्हाही ते आळीपाळीने त्या चार्जिंगला लावत. शनिवारी स्टूल घेऊन बसायचं आणि एकेक झाकण उघडून पाणी बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. लिहून मात्र काहीच ठेवलेलं नाही. एजन्सीचा ठेका बदलला, मामा गावाला गेले आणि त्यांच्याबरोबर ही सगळी पद्धतही गेली.

नव्या एजन्सीने शिफ्टप्रमाणे चालक दिले. प्रत्येकाने आपापली गाडी धरली. एक गाडी कायमची चढावर, एक कायमची क्लबहाउसकडे आणि एक कायमची राखीव.

दुसरा बदल चार्जिंगच्या जागेचा. आधी गाड्या स्टिल्टमध्ये, म्हणजे टॉवरखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, मोकळ्या हवेत चार्जिंगला लागायच्या. त्या जागी रहिवाशांच्या इलेक्ट्रिक कारचे चार्जर आले आणि बग्ग्यांची रवानगी बेसमेंटच्या कोपऱ्यात झाली.

तिसरा बदल टायमरचा. जास्त चार्जिंगने बॅटरी खराब होते असं कमिटीतल्या एका सभासदांचं ठाम मत होतं, शिवाय कॉमन मीटरचं बिलही वाढत होतं. तेव्हा बग्ग्यांच्या लाइनवर टायमर बसवला: रात्री ११ ला सुरू, पहाटे साडेचारला बंद. हेतू चांगलाच होता. मोबाइलच्या बाबतीत लोक असंच ऐकत आलेले असतात.

चौथा बदल रहिवाशांच्या आग्रहाने झालेला. चढावरची गाडी सोडून उरलेल्या दोघींपैकी एकीत दोन छोटे पंखे, एलईडीची पट्टी आणि गाण्यांसाठी स्पीकर बसला. याकडे पुन्हा यायचंच आहे.

पहिली गाडी: उपासमार

या बग्ग्या ४८ व्होल्टच्या. सीटखाली ६ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या, प्रत्येकीत तीन सेल, म्हणजे एकूण चोवीस झाकणं. पाणी घालायच्या साध्या लेड-ऍसिड बॅटऱ्या. बॅटरीवाले त्यांना डीप सायकल म्हणतात. कारच्या बॅटरीचं काम इंजिनाला एक जोरदार धक्का देण्याचं. ही मात्र तासन्‌तास रिकामी होत जावी आणि रात्री पुन्हा भरावी अशा जाड प्लेटांनी बांधलेली असते.

चढावरच्या गाडीच्या चोवीसच्या चोवीस सेलांची ग्रॅव्हिटी घेतली, म्हणजे आतलं ऍसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते मोजलं. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ऍसिडची ग्रॅव्हिटी १.२७० च्या आसपास हवी. चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या या गाडीत सगळे सेल १.१९० ते १.२०० मध्ये होते. एखादा सेल गेलेला असता तर तो एकटा खाली सापडला असता. इथे अख्खी पंगतच अर्धपोटी बसलेली. म्हणजे बॅटरी बिघडलेली नव्हती, तिला पोटभर मिळतच नव्हतं.

यात टायमरचा हात कसा, ते सांगतो. लेड-ऍसिड बॅटरी सरळ रेषेत भरत नाही. सुरुवातीला चार्जर भरपूर करंट देतो आणि पहिले ऐंशी टक्के भराभर भरतात. त्यानंतर बॅटरी करंट कमी कमी घेऊ लागते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. दिवसभर राबलेल्या गाडीला एकूण आठ ते दहा तास हवेत. टायमर देत होता साडेपाच. म्हणजे रोज पहाटे बॅटरी थोडी उपाशी उठायची, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यावरच चढ चढायची.

डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि चार्जिंगमध्ये ते परत विरघळतं, हा नेहमीचा व्यवहार. पण जे सल्फेट आठवडेच्या आठवडे तसंच राहतं त्याचे खडे मोठे आणि कडक होतात, आणि मग ते चार्जिंगलाही दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कामातून गेली. भरीला, पूर्ण चार्जिंगच्या शेवटी जे बुडबुडे येतात त्यांनीच सेलमधलं ऍसिड ढवळून निघतं. ते न झाल्यामुळे दाट ऍसिड तळाशी आणि पातळ वर राहतं, तळाकडचा भाग आणखी लवकर झिजतो.

चढाचाही वाटा आहेच. क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर सपाटीवर गाडी पंधरा-वीस अँपिअर घेत होती आणि सहा माणसं भरून चढावर ऐंशी-नव्वद. गाडी, बॅटऱ्या आणि माणसं मिळून वजन टनाच्या घरात जातं. ते वर ढकलायचं म्हणजे एवढा करंट लागणारच. पण २० तासांच्या दराने (म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर) २२५ अँपिअर-अवर असा शिक्का असलेली बॅटरी ७५ अँपिअर ओढले तर दोन तासांच्या आतच बसते, म्हणजे प्रत्यक्षात दीडशेही अँपिअर-अवर देत नाही. शिक्का आणि चढ यांतली ही तफावत विकणारा सांगत नाही.

'गोल्फ कार्ट अमुक वर्षं चालते' हे आकडे सोसायटीला लावताना म्हणूनच जपून लावायचे. खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर कार्ट काय करते? दोन माणसं, दोन बॅगा, मध्ये मध्ये बराच वेळ उभी, फेरी संपली की चार्जिंग. आपल्याकडे सहा बसलेले, सातवा मागच्या पायरीवर लटकलेला, आणि दर टॉवरला थांबून चढावरच पुन्हा उचल. बॅटरीचा सर्वांत जास्त घाम गाडी उचलताना निघतो, धावताना नाही.

या सेटवर मी इक्वलायझिंग करून पाहिलं, म्हणजे मागे पडलेले सेल मुद्दाम जास्त चार्ज देऊन वर आणायचा उपाय. आधी प्लेटा पाण्यात आहेत ना ते बघितलं, गाडी मोकळ्या जागेत घेतली, पूर्ण चार्ज केली आणि मग कमी करंटने मुद्दाम पुढे चार्ज होऊ दिली. दर तासाला ग्रॅव्हिटी बघायची, हात लावून तापमान बघायचं. ग्रॅव्हिटी वाढायची थांबली की आपणही थांबायचं. हा प्रकार फक्त पाणी घालायच्या बॅटऱ्यांवर करायचा. सीलबंद एजीएम किंवा जेल बॅटरीची त्याने वाट लागते. बहुतेक सेल १.२४० पर्यंत वर आले, काही त्याखालीच अडकले. चढावर न्यायला हा सेट आता पुरा पडणार नव्हता, पण त्यातल्या काही बॅटऱ्यांत अजून जीव होता.

दुसरी गाडी: गाण्यांचा भुर्दंड

पंखे आणि स्पीकरवाली ती ही. ग्रॅव्हिटी घेतली तर सहा बॅटऱ्या चांगल्या आणि दोन पार बसलेल्या. त्या दोन कुठल्या, हे वायर बघूनच सांगता आलं असतं.

ज्याने पंखे बसवले त्याला १२ व्होल्ट हवे होते. गाडीत ४८. त्याने ६ व्होल्टच्या शेजारशेजारच्या दोन बॅटऱ्यांवरून सरळ टॅपिंग घेतलं. पंखे फिरले, गाणी वाजली, सगळे खूश. पण गाडी चालवायला आठही बॅटऱ्या सारख्या रिकाम्या होतात आणि पंखा, दिवे, स्पीकर मात्र फक्त या दोघींच्या जिवावर. चार्जरला यातलं काही दिसत नाही. त्याला पूर्ण ४८ व्होल्टची माळ एकच वाटते. इतर सहा भरल्या की एकूण व्होल्टेज वर जातं आणि चार्जर बंद होतो. या दोघी अर्ध्यावरच. रोज थोड्या मागे पडत गेल्या आणि शेवटी इतक्या बसल्या की बाकी सहांचंही काम अडवू लागल्या.

अशी कमजोर बॅटरी शोधायला महागडं यंत्र लागत नाही. गाडीत माणसं बसवायची, चढावर न्यायची, आणि एकाने चालू गाडीत एकेका बॅटरीचं व्होल्टेज मीटरवर बघत जायचं. इतर पावणेसहा-सहाच्या आसपास असताना एखादी सव्वापाचच्या खाली गेली, तर गुन्हेगार तीच. सेलमागे १.७५ व्होल्ट हा तळ समजतात, आणि तीन सेलांचे तेवढेच होतात. उभ्या गाडीत हीच बॅटरी मीटरवर सज्जन दिसते, म्हणून मेकॅनिक फसतात.

उपाय स्वस्त होता. ४८ वरून १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. तो आठही बॅटऱ्यांकडून सारखं घेतो. बसवतानाच लावला असता तर त्याचा खर्च एका बॅटरीच्या किमतीलाही पोचला नसता. हा प्रकार मी नवी मुंबईच्या सोसायट्यांतही पाहिला आहे, आणि कुठल्याही कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख सापडत नाही, कारण पंखे लावणारा वेगळा आणि बॅटरी विकणारा वेगळा.

तिसरी गाडी: न वापरल्याने

राखीव गाडीचं मरण सगळ्यांत चटका लावणारं, कारण ती जवळपास चाललीच नव्हती. झाकणं उघडली तर प्लेटा उघड्या. काही सेलांत पाणी प्लेटांच्या बरंच खाली, वरचा भाग पांढुरका पडलेला, दोन बॅटऱ्यांची अंगं फुगलेली.

इथेही टायमरच, पण उलट्या बाजूने. गाडी कायम चार्जरला जोडलेली. चार्जर शहाणा होता. बॅटरी भरली की स्वतःहून थांबायचा. पण टायमरने लाइन बंद करून रात्री पुन्हा चालू केली की चार्जरला वाटायचं नवी गाडी आली. तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. भरलेल्या बॅटरीत रोज रात्री आणखी चार्ज, म्हणजे रोज रात्री बुडबुडे, आणि बुडबुडे म्हणजे पाण्याचेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जाणं. ज्या टायमरने पहिलीला उपाशी ठेवलं त्यानेच तिसरीला अजीर्ण केलं. 'ओव्हरचार्जिंग टाळायला' बसवलेल्या टायमरने ओव्हरचार्जिंग घडवलं, हे कमिटीला पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. बेसमेंटच्या उकाड्यानेही भर घातली. साधारण दहा अंशांनी तापमान वाढलं की लेड-ऍसिडचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे, आणि त्या कोपऱ्यात हवा हलतच नव्हती.

हायड्रोजनबद्दलही एक गोष्ट सभेत सांगावी लागली. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगी पुरते. लिथियम बॅटऱ्यांच्या आगीची भीती घालणारे बरेच जण तिथे होते. बंद कोपऱ्यात तीन लेड-ऍसिड गाड्या चार्ज होत होत्या, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पाण्याचं काय? हाउसकीपिंगचा मुलगा म्हणाला, "घालतो की साहेब, फिल्टरचं घालतो." आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. लोह आलं की बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते, क्लोराइड आलं की पॉझिटिव्ह प्लेट खाल्ली जाते. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं ही समजूतही सोडावी. ते कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. डिस्टिल वॉटरच हवं. तेही चार्जिंग झाल्यावर घालायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर ऍसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी त्या बुडतील इतकं घालायचं. आणि ऍसिड कधीच घालायचं नाही. 'ग्रॅव्हिटी कमी आहे, जरा ऍसिड मारू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला तिथूनच नमस्कार करावा.

मग गाडी किती म्हातारी होती?

बॅटरी बाजूला ठेवून गाड्या लिफ्टवर घेतल्या. मोटर, तिला करंट पुरवणारा कंट्रोलर, मागचा ऍक्सल तिन्हींत ठाकठीक. एकीच्या सोलेनॉइडचा (करंट जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा) कंटॅक्ट जळून काळा, एकीचे मागचे ब्रेक शू घासत होते. नुसतं हाताने चाक फिरवलं की कळतं. ब्रेक चिकटून राहिला की गाडी अष्टौप्रहर चढावरच चालल्यासारखा करंट खाते. टायरमध्ये २० पीएसआयच्या आसपास हवा हवी होती, निम्मीच होती. तीन वर्षांत कुणी हवा बघितल्याची नोंद नाही.

गंज मात्र खरा निघाला, आणि तोही फक्त तिसरीत. लोखंडी चासी, वरून उतू गेलेलं ऍसिड, पावसाळ्यात बेसमेंटला झिरपणारं पाणी. बॅटरी ट्रेखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला. ऍल्युमिनियम चासीच्या गाड्यांना हे दुखणं कमी असतं. लोखंडी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ट्रे धुणं आणि रंग राखणं एवढंच हातात आहे. आणि जेट पंपाने धुणं बंद. पाण्याचा तो मारा कंट्रोलरमध्ये आणि बेअरिंगमध्ये घुसतो.

चासी आणि यंत्रभाग नीट राहिले तर बग्गी पंधरा-वीस वर्षं काढते. मधल्या काळात लेड-ऍसिडचे तीन-चार सेट जातात. चांगली निगा असेल तर एक सेट चार ते सहा वर्षं. आवारातल्या या गाड्यांना कुणी विचारत नाही, हाही भाग आहे. फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाड्या मोटार वाहन कायद्याच्या 'मोटार वाहन' या व्याख्येतच बसत नाहीत, त्यामुळे आरटीओची फिटनेस तपासणी नाही. ब्रेक धरतो की नाही हे बघायला बाहेरचं कुणी येणार नाही. सहा वर्षांत या तिघींचे ब्रेक कुणी उघडले नव्हते.

सभेतला हिशेब

टायमरने किती वाचवलं, ते फळ्यावर मांडलं. ४८ व्होल्ट गुणिले २२५ अँपिअर-अवर म्हणजे अख्खा सेट पावणेअकरा युनिटांचा. टायमरमुळे राहून गेलेलं शेवटचं चार्जिंग धरलं दीड युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी रोजचे अठरा, वर्षाचे साडेसहा हजार. त्यापायी पहिल्या आणि तिसऱ्या गाडीचा बॅटरीचा सेट निम्म्या वयात गेला. सेटची किंमत जुन्या बिलात सगळ्यांसमोर होती. त्यावर फार चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती लिथियमवर. तरुण सभासदांना तिन्ही गाड्या लिथियम हव्या होत्या, ज्येष्ठांना एकही नको. मी दोघांच्याही बाजूने नव्हतो. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट चार्जिंगचं वावडं नाही, मधल्या वेळात तासभर लावली तरी चालते, पाणी नको. मुख्य म्हणजे वजन: आठ लेड बॅटऱ्या सव्वादोनशे किलोच्या आसपास, तेवढ्याच कामाचा लिथियम पॅक पन्नासेक किलोचा. चढावर हा फरक लगेच जाणवतो. आयुष्य आठ-दहा वर्षं सांगतात. पण त्यासाठी चार्जर बदलावा लागतो आणि जुना चार्ज दाखवणारा काटा निरुपयोगी होतो, कारण लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखंच राहतं आणि मग एकदम कोसळतं. जास्त करंट ओढला तर पॅकमधली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, लाइन तोडते. भर चढावर ती तुटली तर गाडीला फक्त ब्रेक तारणार, म्हणून आधी ब्रेक दुरुस्त, मग लिथियम, हा क्रम मी लिहूनच दिला. सपाटीवर कमी धावणाऱ्या गाडीला एवढा खर्च कशाला?

शेवटी ठरलं ते असं. चढावरच्या गाडीला लिथियम, आणि कंट्रोलरमध्ये वेग व उचल दोन्ही कमी करून घ्यायचे. दुसरीतल्या दोन मेलेल्या बॅटऱ्या काढून त्या जागी पहिलीतल्या, इक्वलायझिंगने सावरलेल्या आणि ग्रॅव्हिटीने जुळणाऱ्या दोन बसवायच्या. कोऱ्या दोन आणायच्या नाहीत, कारण जुन्यांत बसवलेली नवी बॅटरी जुन्यांच्याच वयाची होऊन जाते. कन्व्हर्टर लावायचा. हा सेट वर्षभराचाच, हे आधीच सांगितलं. तिसरीची पट्टी वेल्डिंग करून घ्यायची, पण त्याआधी बॅटऱ्या आणि कंट्रोलर सोडवूनच, आणि तिला लेड-ऍसिडचा नवा सेट. टायमर काढायचा. गाड्या परत वर स्टिल्टमध्ये, पंख्याच्या झोतात.

जुन्या बॅटऱ्यांना भंगारवाल्याने गेटवरच भाव सांगितला होता, तोही रोख. शिशाला किंमत असते. पण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे त्या नोंदणीकृत साखळीतच जायला हव्यात, म्हणून नवा सेट देणाऱ्याकडेच परत केल्या आणि बिलातून वजावट घेतली.

वर्षानंतर

मामांना फोन लावून त्यांची शनिवारची पद्धत विचारली आणि ती एका वहीत उतरवली. पाणी, हवा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी, महिन्यातून एकदा प्रत्येक सेटच्या दोन-तीन सेलांची ग्रॅव्हिटी. वहीवर एजन्सीच्या सुपरवायझरची सही लागते आणि ती नसेल तर बिल थांबतं. कारखान्यात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या टिकतात त्या याच कारणाने. तिथली माणसं काही बॅटरीवर जास्त माया करत नाहीत.

वही गणपतीत कोरी राहिली. एजन्सीचे निम्मे लोक कोकणात गेलेले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाहुण्यांची वर्दळ, बग्ग्या रात्री एक-एकपर्यंत चालू, चार्जिंगला जेमतेम चार तास. लिथियमच्या गाडीने ते निभावलं. दुसरीचं एका चार्जिंगमध्ये कापायचं अंतर विसर्जनानंतर कमी झालं ते झालंच. यंदा गणपतीच्या आधीच्या शनिवारी पाणी बघून घ्यायचं आणि त्या दिवसांत लेडच्या दोन्ही गाड्या दुपारी आळीपाळीने चार्जिंगला लावायच्या, असं वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं आहे.

तिसरी उत्तम आहे. चालक आता गाड्या बदलून चालवतात, निदान दुसरी आणि तिसरी तरी. दुसरीचा जोडलेला सेट अपेक्षेप्रमाणे संपत आला आहे आणि पुन्हा कोटेशनं मागवली आहेत. कमिटीतल्या काहींना आता तीही लिथियम हवी. माझं मत लेड-ऍसिडचंच पडलं: वाट सपाट आहे, वही चालू आहे आणि पाणी घालणारा माणूस आहे. तो माणूस गेला तर मत बदलेन, हेही सांगून ठेवलं आहे. कोटेशन देणाऱ्या तिन्ही पुरवठादारांना अट एवढीच घातली आहे की सेट बसवायच्या आधी जुना चार्जर शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतो की नाही ते आमच्यासमोर मीटर लावून दाखवायचं. दोघांनी होकार दिला, तिसऱ्याचा फोन अजून आलेला नाही.